मालिशवाल्या मावशींचा धंदा कागदावर यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बाळ-बाळंतिणीच्या मालिशसाठी अनुभवी बाई मिळेल’ अशी दोन ओळींची जाहिरात आणि खाली मोबाइल नंबर, एवढ्या भांडवलावर हा धंदा आज शहरोशहरी चालतो. सासर-माहेरची माणसे लांब, घर दोन खोल्यांचे, नवऱ्याची रजा आठ-पंधरा दिवसांची. अशा घरी तिसऱ्या-पाचव्या दिवशी बाळंतीण दवाखान्यातून येते आणि दुसऱ्या सकाळी एक अनोळखी बाई दार वाजवते. पाच दिवसांचे बाळ तिच्या पायावर दिले जाते. ती काय शिकली आहे, ती आजारी पडली तर कोण येणार, बाळाचे काही बिनसले तर ती कोणाला फोन करणार, यातले काहीही कुठे लिहिलेले नसते. ते लिहिलेले असावे, आणि तसा कागद हातात दिल्याशिवाय कोणी हा धंदा करू नये व कोणी ही सेवा घेऊ नये, हे सांगण्यासाठी हे पत्र. बचत गटातल्या बायका, निवृत्त परिचारिका, काही मालिशवाल्या मावशींच्या शिकलेल्या मुली अशा अनेक जणी या कामात उतरत आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

पहिली अडचण तारखेची. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ आठवडे भरल्यावर बाळंतपण कधीही होऊ शकते आणि ४१ आठवडे ओलांडूनही जाते. म्हणजे एका घरासाठी चार-पाच आठवडे मावशीची जागा राखून ठेवायची, आणि काम सुरू झाले की पुढे चाळीस दिवस ती जागा भरलेली. नव्याने सुरू करणाऱ्या इथेच फसतात. बाळाचे तेल-पाणी पाऊण तास, बाळंतिणीची मालिश तेवढीच, शिवाय आवराआवर आणि रस्ता. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत एका मावशीची तीन घरे नीट होतात. तीन मावशी असतील तर नऊ जागा झाल्या. त्यातल्या सातच नोंदवाव्यात. नवव्या घराचे पैसे घेतले की त्याच आठवड्यात कुठलेतरी बाळ तीन आठवडे आधी येते, एक मावशी पाच घरे धावत करते, आणि घाईत तेलकट हातांतून बाळ निसटते. या कामात सर्वांत जास्त भीती याच एका गोष्टीची बाळगावी.

नोंदणी सातव्या महिन्यात घ्यावी आणि आठव्यात एकदा घरी जाऊन यावे. अर्जात अपेक्षित तारीख, दवाखाना, आधीचे सिझेरियन, रक्तदाब, साखर, थायरॉइड, कशाची ॲलर्जी, घरात कोण कोण असणार, आणि गरम पाण्याची सोय कशी आहे, हे सारे विचारावे. बाळ मुलगा की मुलगी हा रकाना जन्मानंतरच भरायचा; गर्भलिंग सांगणे-विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरभेटीत बाळंतिणीची आई किंवा सासूबाई समोर असल्याच पाहिजेत. पुढे वाद होतो तो बाळंतिणीशी क्वचित, या थोरांशीच होतो. ‘आमच्याकडे धुरी देतात’, ‘बाळाचं नाक ओढून सरळ करा’, ‘काजळाशिवाय डोळे मोठे होत नाहीत’ ही वाक्ये पहिल्या सकाळी उंबऱ्यात ऐकू आली तर मावशी एकटी पडते. तिला घर टिकवायचे असते, मग ती मान डोलावते. तेच आठव्या महिन्यात चहा घेता घेता धंदा चालवणाऱ्या मालकिणीने सांगितले आणि कागदावर दिले, तर त्याच सासूबाई बहुतेक वेळा समजून घेतात. त्यांना बाळाचे बरेच व्हायला हवे असते. त्यांच्या वेळच्या पद्धतीला नुसते ‘चूक’ म्हटले की मात्र दार बंद होते. कारण सांगावे आणि जमेल तिथे वाट काढून द्यावी. दृष्ट लागू नये म्हणून तीट हवी असेल तर कानामागे लावा, बाळाचा हात पोचत नाही. काजळ डोळ्यात नको, कारण बोटाने जंतू जातात, अश्रूंची बारीक नळी बुजते आणि बाजारच्या काही काजळ-सुरम्यांत शिसे असते.

आता प्रत्यक्ष काम. मावशीने घरात आल्यावर बांगड्या-अंगठ्या काढायच्या, नखे कापलेली हवीतच, आणि कोपरापर्यंत साबणाने किमान ४० सेकंद हात धुवायचे. मग बाळाला हात लावण्याआधी आईला तीन प्रश्न: शेवटचे कधी पाजले, कालपासून शू किती वेळा झाली, रात्री दूध ओढत होते का? त्यानंतर बाळ शांत असताना त्याचे पोट वर-खाली होताना पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मोबाइलवर वेळ लावून मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच मंद, मध्येच भरभर होतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले तर त्या दिवशी तेल नाही, अंघोळ नाही, थेट डॉक्टरांना फोन.

पहिल्या २४ तासांत अंघोळ घालूच नये. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ पंच्याने अंग पुसणे पुरते. नाळेला हळद, तेल, राख, पावडर काही लावायचे नाही, लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. कोरडी ठेवली की ती बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. बाळ अडीच किलोच्या आत असेल किंवा ३७ आठवड्यांआधी झालेले असेल तर पायावरची अंघोळ आणि मालिश दोन्ही डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. अशी बाळे फार लवकर गार पडतात. त्यांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे हीच त्यांची सेवा, आणि ती कशी करायची हे मावशीला दाखवता आले पाहिजे.

तेल दोन-तीन चमचे पुरते. खोबरेल चांगले; थंडीत गोठले तर वाटी गरम पाण्यात ठेवावी, गॅसवर धरू नये. मोहरीचे आणि वासाचे तेल टाळावे. पहिल्या दिवशी मांडीवर रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवशी पाहावे, लाली नसेल तर पुढे. हात तळव्याने, बाळाच्या त्वचेवरून सरकवत न्यायचा. जोर लावायचा नाही. पाजल्यावर तासभर तरी मालिश नको. नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचे नाही; नाकातले तेल फुप्फुसात उतरते आणि त्याने न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल नुसते ठेवावे, थापू नये. छाती सुजलेली दिसते ती आईच्या संप्रेरकांमुळे. मुलगा असो वा मुलगी, ती आपोआप उतरते, आणि पिळली की गळू होते. मुलीला पहिल्या आठवड्यात पांढरा किंवा किंचित रक्ताचा स्राव होतो तोही त्याच कारणाने. मुलाची शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. लव काढायला पिठाचा गोळा फिरवू नये, पायाला धरून उलटे करू नये, वर उडवू नये. शेवटच्या दोन गोष्टी कुठल्या घरात कौतुकाने मागितल्या जातात, म्हणून लिहाव्या लागतात.

पाणी करताना बादलीत आधी गार, मग गरम. उलट केले आणि मध्येच फोन वाजला की नुसते कढत पाणी बादलीत राहते. ढवळून कोपर बुडवून पाहावे. कोपराला पाणी गार किंवा गरम काहीच न वाटणे हे बरोबर. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यायची आणि मगच बाळ आत न्यायचे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. कोळशाच्या शेगडीचे तेच. खिडक्या लावून, शेगडीत ओवा-वावडिंग टाकून बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी देण्यात मायाच असते, पण मोठ्या वाड्यातल्या, हवा जाऊ देणाऱ्या कौलांखाली जे निभावले ते दहा बाय दहाच्या स्लॅबच्या खोलीत निभावत नाही. आमच्या मते ही एक गोष्ट करारात जाड अक्षरांत असावी: मावशी कोळसा पेटवणार नाही. पाठीला ऊब हवी तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घ्यावी. सिझेरियनच्या टाक्यांजवळ तीही नको. तिथली कातडी काही महिने बधिर असते आणि भाजलेले कळत नाही.

पाटावर बसून पाय सरळ जोडले की नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथे बसते, चेहरा पावलांच्या बाजूला येतो आणि नाक-तोंड मोकळे राहते. डावा हात बाळाच्या बगलेखालून दंडाला धरलेला, तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. तांब्याची धार पाठीवर. डोक्यावर घेताना कपाळाशी हाताचा आडोसा. पाच मिनिटांत उरकावे. मान, काख, जांघ यांच्या वळ्या टिपून कोरड्या कराव्यात, तिथेच पुरळ येते. पावडर, वेखंड काही उडवू नये, श्वासात जाते.

गुटीबद्दल मावशीने एकच उत्तर द्यावे: मी उगाळणार नाही. सहाण किती स्वच्छ, कुठली मुळी किती वळसे, यात काही धरबंध राहत नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही नको हा नियम गुटीनेच पहिल्यांदा मोडतो. मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा चाटवू नये. त्यात असणाऱ्या जंतूच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

बाळंतिणीकडे वळताना अनेक मावशी सरळ तेल ओततात. तसे नको. आधी विचारायचे: ताप आहे का, अंगावरून किती जाते, दुर्गंधी आहे का, डोके दुखते का, पोटरी दुखते का? एकच पाय सुजलेला, दुखरा, गरम असेल तर त्या पायाला हातही लावायचा नाही. रक्तवाहिनीत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नेमका अशाच पायाला ‘जरा जोरात चोळा’ असा आग्रह होतो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप १००.४ अंशांच्या वर असेल, डोके फुटेल असे दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मालिश राहू द्या आणि दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, हे फार थोड्या घरांत माहीत असते. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला सहा आठवडे तेलाचा हात नाही. पोट बांधायचे तर सुती पट्ट्यात दोन बोटे सहज जावीत. करकचून बांधल्याने खालच्या स्नायूंवर भार येतो आणि लघवी सुटण्याचा त्रास वाढतो. गर्भाशय पट्ट्याने जागेवर जात नाही, ते आपले आपण सहा आठवड्यांत आकसते.

पाजण्याच्या बाबतीत मावशीच्या एका वाक्याने घर बिघडू शकते. ‘दूध कमी दिसतंय’ हे ते बिघडवणारे वाक्य. पहिले दोन-तीन दिवस चीक थेंबा-थेंबानेच येतो आणि बाळाचे पोटही तेवढेच असते. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरते; दहा टक्क्यांपर्यंत उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून येते. दूध पुरते की नाही हे छाती दाबून पाहून कळत नाही. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे, पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा शू, आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढणारे वजन, हा त्याचा हिशेब. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असे लागले असेल तर आईला दुखत नाही. चिरा पडल्या तर क्रीम शोधण्याआधी बाळ पुन्हा लावून पाहावे. गाठ झाली तर त्या बाजूने आधी पाजावे, हाताने थोडे दूध काढावे; ताप आला की डॉक्टर.

डब्याचे दूध डॉक्टरांनी सांगितले असेल तर ते वाटी-चमच्याने नीट द्यायला शिकवावे आणि आईला त्याबद्दल एक शब्द लागेल असे बोलू नये. पण धंदा करणारीने एक लक्षात ठेवावे: बाळाच्या दुधाच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करणे, नमुने वाटणे, त्यावर कमिशन घेणे हे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंद आहे. ‘भेटवस्तूंचा संच’ म्हणून कोणी बाटल्या दिल्या तर परत कराव्यात.

बरोबरीने लाडू विकणाऱ्या पुष्कळ आहेत. अडीचशे ग्रॅम डिंक, अर्धा-अर्धा किलो खारीक पूड आणि सुके खोबरे, शंभर ग्रॅम खसखस, सातशे ग्रॅम गूळ, चारशे ग्रॅम तूप यात चाळीस ग्रॅमचे साठेक लाडू होतात. डिंक मूठ-मूठभरच, मध्यम आचेवर तळावा. एकदम घातला की आत कच्चा राहतो, दाताला चिकटतो आणि लाडू लवकर बिघडतो. पावसाळ्यात खोबरे खवट निघते, वास घेऊनच घ्यावे. अन्न नोंदणी करावी, डब्यावर घटक आणि तारीख लिहावी, ‘दूध वाढवणारे’ असे छापू नये, आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नये. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायच्या असतात आणि दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात, याची आठवण लाडवांपेक्षा मोलाची.

प्रत्येक घरात एक वही ठेवावी. तारीख, तापमान, श्वास, शू-शी, पाजणे, आईची तक्रार, एवढे रकाने पुरेत. पहिल्या पानावर बाळाला लगेच नेण्याची कारणे मोठ्या अक्षरांत: दूध ओढत नाही, झटके, छातीत खड्डे पडणे, हलवल्याशिवाय हालचाल नाही, तापमान ९९.५ अंशांच्या वर किंवा ९५.९ च्या खाली, पहिल्याच दिवशी पिवळेपणा किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली-पू. कावीळ झालेल्या बाळाला कोवळ्या उन्हात ठेवून दिवस घालवू नयेत. खाली १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळावरचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, हे चांगल्या सोसायट्यांतल्या घरांनाही ठाऊक नसते.

आईच्या मनाचाही एक रकाना असावा. गोव्यात केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास शंभरात तेवीस बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळले होते. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतले रडू येणे बहुधा आपोआप ओसरते. पण त्यापुढेही बाळ झोपलेले असताना हिला झोप लागत नाही, जेवण जात नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, असे दिसले तर मावशीने समजूत घालत बसू नये, मालकिणीला कळवावे. १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइन मराठीतही बोलते. आणि मुलगी झाली म्हणून घरातला सूर उतरलेला असतो, तेव्हा मावशीने नेहमीच्याच हाताने, नेहमीच्याच बोलण्याने काम करावे. मुलाला जास्त बक्षिसी, मुलीला कमी, ही प्रथा करारातूनच काढून टाकावी.

एक प्रसंग असा येतो की ज्याची तयारी कोणीच करत नाही. पोटातच बाळ जाते, किंवा दवाखान्यात जाते. घरचे फोन उचलत नाहीत, आणि इकडे मोबाइलमध्ये आधीच लावून ठेवलेला ‘अभिनंदन’चा निरोप ठरल्या तारखेला आपोआप जातो. असे कदापि होता कामा नये. तारीख उलटली की मालकिणीने स्वतः, आधी नवऱ्याला किंवा भावाला, साधा निरोप करावा: ‘सगळं कसं आहे?’ वाईट बातमी कळली की नाव सगळ्या याद्यांतून काढावे आणि आगाऊ घेतलेले सगळे पैसे न मागता परत करावेत. आणि हेही सांगावे की बाळ नसले तरी ती बाई बाळंतीणच आहे. तिच्या अंगावरून जाणार आहे, टाके दुखणार आहेत, दुसऱ्या-चौथ्या दिवशी तिला पान्हा फुटणार आहे. छाती दगडासारखी होते तेव्हा काय करायचे हे तिला कोणी सांगत नाही: गार ओल्या कापडाच्या पट्ट्या, आधार देणारी चोळी, आराम पडेल इतकेच दूध हाताने काढणे, चोळायचे नाही, आणि औषध डॉक्टरांना विचारून. हवे असेल तर मावशी तिच्याकडे जाईल, बाळाचा विषय ती काढेल तेव्हाच काढेल. या घरांसाठी वर्षाच्या हिशेबात थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

पैशांचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. समजा एका घराकडून रोजचे ६०० रुपये, चाळीस दिवसांचे २४,०००. त्यातले ४०० मावशीचे, ४० प्रवासाचे, ४० तिच्या सुटीच्या निधीत, ३० विमा-प्रशिक्षण-साहित्याला, ९० मालकिणीकडे देखरेख, फोन आणि नफ्यासाठी. सुटीच्या निधीत एका घरामागे १,६०० साठतात, म्हणजे चार दिवसांची भरपगारी रजा. त्या दिवशी बदली येणाऱ्या मावशीला त्या दिवसाचेच पैसे मिळतात. हा निधी काढून टाकला की दर ५६० होतो आणि जाहिरात स्वस्त दिसते. पण मग खोकला झालेली मावशी खोकला लपवून येते, कारण न आल्यास तीन घरांचे बाराशे बुडतात. चार दिवसांच्या बाळावर खोकणारी बाई आपल्याला नको असेल, तर तिच्या रजेचे पैसे आपण द्यायचे आहेत, हे घरच्यांना समजावून सांगितले की ते सहसा घासाघीस करत नाहीत. आगाऊ रक्कम वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. साडी-ओटी घरच्यांनी हौसेने द्यावी, ती पगारात मोजायची नाही.

कागदपत्रे वाटतात तितकी अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंद, मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजकीच माणसे असतील तर नुसती सूचना द्यावी लागते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मावशींची पोलीस पडताळणी, वर्षातून एकदा छातीची तपासणी, लसी, आणि महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे त्यांची स्वतःची नोंद करून द्यावी. बाळाचा फोटो मावशीच्या किंवा धंद्याच्या व्हॉट्सॲपवर जाणार नाही, हेही करारात हवे. टाके, इंजेक्शन, औषध ही मावशीची कामे नाहीत. ती परिचारिकेची किंवा डॉक्टरांची.

शासनाकडे मागणे एकच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुढे त्यातूनच देशभर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊ लागल्या. शहरातल्या मालिशवाल्या मावशी रोज त्याच घरांत असतात, बाळाला रोज उघडे पाहतात, आणि त्यांना मात्र श्वास मोजायला कोणी शिकवलेले नाही. महापालिकांच्या प्रसूतिगृहांत किंवा परिचारिका विद्यालयांत त्यांच्यासाठी आठ-दहा दिवसांचा वर्ग, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा, फोटोसह ओळखपत्र आणि दर दोन वर्षांनी उजळणी सुरू करावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशींसाठी चित्रांची वही हवी. त्यांतल्या अनेक जणींचे हात शिकलेल्यांपेक्षा हलके असतात आणि त्या गाळल्या जाऊ नयेत.

आणि आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. या सेवेच्या छोट्या जाहिराती घेताना नुसत्या मोबाइल नंबरावर घेऊ नयेत. उद्यम क्रमांक आणि मावशीच्या जागी बदली कोण येणार याचे उत्तर, एवढे दोन तपशील जाहिरात देणारीकडून मागून घ्यावेत, आणि क्रमांक जाहिरातीतच छापावा.

आपल्या,
बाळ-बाळंतिणीची घरपोच सेवा चालवणाऱ्या काही जणी, पुणे